संपतरावांना लिहून सांगितलेली गोष्ट

रमाकांत जगताप बोलायला लागला की कंपनीच्या बसचा ड्रायव्हरसुद्धा आरशातून त्याच्याकडे बघत राहायचा, आणि मग मागच्या सीटवरून कुणीतरी ओरडायचं, "भाई, रस्त्यावर बघ ने, आम्हाला पगार घ्यायचाय अजून." सकाळी बडोद्यात मांडवीच्या अलीकडे ही बस भरायची आणि झोपाळलेली, मांडीवर डबे सांभाळणारी माणसं घेऊन नंदेसरीला निघायची. छाणी येईपर्यंत कुणी कुणाशी बोलायचं नाही. छाणी मागे पडलं की रमाकांत घसा साफ करायचा, आणि कारखान्यांचा तो आंबूस वास नाकात शिरेपर्यंत थांबायचा नाही.

गोष्टी काही फार मोठ्या नसायच्या. भलत्याच पोळात, म्हणजे गल्लीत, शिरलेली वरात आणि तिथल्या लोकांनी तिला पाजलेलं सरबत. केबल आल्यापासून बातम्या सांगणाऱ्या बाईला रोज उभं राहून नमस्कार करणारे शेजारचे आजोबा. पण रमाकांत सांगायला लागला की माणसं समोर उभी राहायची. घोडेवाल्याचा आवाज वेगळा, नवऱ्याच्या मामाचा वेगळा. मराठी, गुजराती, मधूनच हिंदी, ज्याला जी शोभेल ती भाषा तो त्याच्या तोंडी घालायचा. बडोद्याच्या माणसाला त्यात काही वावगं वाटत नाही, घरोघरी असंच बोलतात.

त्याचा हक्काचा श्रोता म्हणजे शेजारच्या सीटवरचे संपतराव मोहिते. रमाकांतपेक्षा वयाने मोठे, अंगाने थोराड, आणि कंपनीत आल्या दिवसापासून कॉम्प्रेसरच्या त्या धडधडत्या खोलीत नोकरी. गोष्ट रंगली की ते सगळं पोट हलवून हसायचे आणि रमाकांतच्या मांडीवर अशी थाप मारायचे की पुढे दिवसभर तिथे झिणझिण्या येत. रमाकांतला त्या थापेचं फार अप्रूप होतं. बाकीचे हसले नाहीत तरी चालतील, संपतराव हसले म्हणजे झालं, असं त्याचं साधं गणित होतं.

मग कंपन्यांनी माणसांना स्वेच्छेने घरी पाठवायचा सपाटा लावला तो काळ आला. स्वेच्छा कुणाची हे विचारायची सोय नव्हती. संपतरावांनी मात्र खरोखरच आपण होऊन अर्ज केला आणि हार-नारळ घेऊन ते घडियाळी पोळातल्या आपल्या घरी जाऊन बसले. त्यांना जरा कमी ऐकू येतं हे सगळ्यांना माहीत होतं. त्या खोलीतल्या कुणाला बरं ऐकू येत होतं म्हणा. त्यांच्या सीटवर एक नवीन पोरगा बसायला लागला, तो बस सुटताच कानात वायरी घालून गाणी ऐकायचा. रमाकांतही हळूहळू छाणीनंतर खिडकीबाहेर बघायला लागला.

त्याच वर्षी श्रावणात रमाकांतचे वडील गेले. बापू. वय झालं होतं, तब्येत खालावत होती, तसं अचानक काही नव्हतं. पण जायच्या दिवशी दुपारी एक गोष्ट घडली, आणि ती रमाकांतने कुणालाच सांगितली नव्हती.

झालं होतं ते असं. लीला, म्हणजे रमाकांतची बायको, औषध आणायला खाली गेली होती. बापूंनी डोळे उघडले, रमाकांतकडे टक लावून पाहिलं आणि म्हणाले, "दादा, केव्हा आलास? घोडीला पाणी पाजलंस का?" दादा म्हणजे बापूंचे थोरले भाऊ, पिलाजीकाका. ते जुन्या संस्थानच्या पागेत नोकरीला होते आणि त्यांना जाऊन जमाना झाला होता. रमाकांतने आधी सांगून पाहिलं की बापू, मी रमाकांत. बापूंच्या चेहऱ्यावर अशी काही निराशा पसरली की त्याने लगेच सूर बदलला आणि काकांच्या घोगऱ्या आवाजात म्हणाला, "पाजलं. बादलीभर प्याली." आवाज काढण्यात तो तयारच होता. बापू खूश झाले. मग तासभर दोघे भाऊ बोलत बसले. पागेबद्दल, आईच्या हातच्या थालीपिठांबद्दल, आणि शेवटी बापू घरच्या माणसांबद्दल बोलले, रमाकांतबद्दलही बोलले. रमाकांतबद्दल ते जे बोलले ते जन्मात कधी त्याच्या तोंडावर बोलले नव्हते. आणि ते ऐकताना रमाकांतला पिलाजीकाका होऊन बसावं लागलं होतं.

संध्याकाळी बापू गेले. तेरावं झालं, पाहुणे पांगले. लीलाला सांगायला तो दोन-तीनदा गेला, पण तिने बापूंचं सगळं केलेलं, तिचेच डोळे भरून यायचे, मग ह्याचाही घसा दाटायचा. कुणाला तरी सांगितल्याशिवाय मात्र राहवत नव्हतं. शेवटी एका रविवारी सकाळी तो उठला आणि सरळ संपतरावांकडे गेला.

संपतराव माडीवर खिडकीपाशी बसले होते. रमाकांतला पाहून त्यांचा चेहरा फुलला. "ये ने, ये. बस. काय म्हणतेय बस? काय म्हणतात मंडळी?" विमलवहिनींनी चहा ठेवला आणि त्या दारापाशी घुटमळत राहिल्या. रमाकांतने चहा बाजूला सारला आणि सांगायला सुरुवात केली. सांगता सांगता सवयीप्रमाणे तो बापू झाला, मान एका बाजूला कलवून, हाताची बोटं थरथरवत. मग तो पिलाजीकाका झाला, मिशीवरून मूठ फिरवत. बापू रमाकांतबद्दल बोलायला लागले त्या जागेपर्यंत तो आला आणि थांबला.

आणि संपतराव हसले. पोट हलवून, मान मागे टाकून, खदखदून हसले, आणि रमाकांतच्या मांडीवर थाप मारली.

रमाकांत त्यांच्याकडे बघतच राहिला. मग उठला, जिना उतरला आणि चपला शोधायला लागला. डोळ्यांत पाणी आल्यामुळे चपला काही दिसेनात. इतक्या वर्षांचा माणूस, आणि असा? त्याला संताप आला होता आणि त्याहून जास्त लाज वाटत होती की आपण कुणापुढे काय उघडं केलं.

विमलवहिनी मागोमाग धावत खाली आल्या. "भाऊजी, थांबा. रागावू नका हो. त्यांना ऐकू येत नाही."

"कमी येतं, माहिती आहे मला. पण म्हणून,"

"कमी नाही. अजिबात येत नाही." वहिनींनी दार ओढून घेतलं आणि आवाज खाली आणला, जणू वरच्या माणसाला तो पोचणार होता. "तुमच्या बसमध्ये होते ना, तेव्हाही शेवटी शेवटी येत नव्हतं. लोक हसले की ते हसायचे. मशीन आणलं होतं, डॉक्टर म्हणतात नसच गेलीय, मशीन काय करणार. कुणाला सांगायचं नाही अशी मला शपथ घातलीय. मी पाटीवर लिहून दाखवते, भाजी कुठली करू, गोळी घेतली का, तेवढंच बोलणं आमचं. कुणी येणार म्हटलं की ह्यांना धडकी भरते, भलतंच काही उत्तर जायचं म्हणून. आता भाचीच्या लग्नालाही येत नाही म्हणतात. तुम्ही आलात म्हणून आज किती दिवसांनी खुलले होते. तुम्ही म्हणजे हसायचंच, एवढंच त्यांना माहीत."

रमाकांत ओट्यावर बसला. बसमधल्या किती सकाळी तो ह्या माणसासाठी म्हणून बोलला होता, आणि हा माणूस नुसताच त्याच्या तोंडाकडे बघत, इतरांकडे बघत, वेळेवर हसत बसला होता. का? तर मित्राचं मन राखायचं म्हणून. रमाकांतला इतकं वाईट वाटलं की राग कुठल्या कुठे गेला.

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "तुम्ही काय सांगत होता ते लिहून आणाल का? माझं पाटीवरचं वाचून कंटाळलेत ते."

"मी? लिहून?" रमाकांत असा दचकला की वहिनींना वाटलं आपण काहीतरी भलतंच मागितलं.

त्याचं दचकणं उगाच नव्हतं. साखरपुडा झाल्यावर त्याने लीलाला एक लांबलचक पत्र लिहिलं होतं. लीला साताऱ्याची. तिचे थोरले भाऊ मोहनराव शाळेत मास्तर, आणि मास्तरही असे की लग्नपत्रिकेतसुद्धा चुका काढायचे. पत्र त्यांच्या हाती पडलं आणि त्यांनी ते पंगतीत मोठ्याने वाचून दाखवलं. गुजराती शब्द आला की थांबायचे आणि भुवया उंचावून विचारायचे, "म्हणजे काय बुवा?" सगळं घर हसून लोटपोट झालं. लीलाही हसली. लग्नानंतर तिनेच ही गंमत त्याला सांगितली, तेव्हा तोही हसला. पण रजेच्या अर्जाखेरीज त्याने त्यानंतर काही लिहिलं नाही. लीला माहेरी गेली की तो एसटीडी बूथवर रांगेत उभा राहायचा, पण पोस्टकार्ड टाकायचा नाही. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत अंकासाठी दरवर्षी त्याला गळ घालत, "तुमच्या त्या बसमधल्या गोष्टी द्या की." तो म्हणायचा, "आपलं काम तोंडाचं, हाताचं नाही." लोकांना तो विनय वाटायचा. भीती होती ती. आपली मराठी म्हणजे घरची, बाहेर काढण्यासारखी नाही, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

तरीही संपतरावांसाठी म्हणून तो पुढच्या सुटीला कागद घेऊन बसला. पहिलं वाक्य सुचेना. लिहायचं तर ते लिहिण्यासारखं पाहिजे. मग त्याचं लक्ष भिंतीकडे गेलं. बडोद्यातल्या मराठी घरात भिंतीवर एखादं तरी मानपत्र असतंच. बापू निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या कचेरीने दिलेलं मानपत्र तिथे काचेमागे टांगलेलं होतं. ही खरी मराठी. इथे कोण बोट ठेवणार? रमाकांतने फ्रेम खाली उतरवली, धूळ पुसली, आणि तिच्यावर नजर ठेवून लिहायला घेतलं. मग काय विचारता, वाक्यांवर वाक्यं आली. पूज्य पितृदेव रुग्णशय्येवर पहुडले. अंतसमयी त्यांना ज्येष्ठ बंधूंचे स्मरण होऊन ते सद्गदित झाले. आपल्या सुपुत्राविषयी त्यांनी अत्यंत हृद्य असे गौरवोद्गार काढले. घोडीला पाणी पाजल्याचा भाग त्याने गाळला, मानपत्रात घोडी शोभत नाही. वाचून बघताना त्याला वाटलं, मोहनरावांनाही ह्यात काही काढता यायचं नाही. ते खरंही होतं.

रविवारी तो कागद घेऊन गेला. संपतरावांनी ह्या खेपेला उठून त्याचा हात धरला. "त्या दिवशी मी हसलो ने? विमलने नंतर पाटीवर लिहिलं, तू बापूंचं सांगत होतास. माझ्यासारखा गाढव मीच." एवढा मोठा माणूस मान खाली घालून बसला. रमाकांतने त्यांचा हात थोपटला आणि कागद पुढे केला. संपतरावांनी चष्मा चढवला. वाचताना त्यांचे ओठ हलत होते, चेहरा अगदी गंभीर, मंडळाच्या सभेत बसल्यासारखा. वाचून झाल्यावर त्यांनी कागदाची नीट घडी घातली.

"छान आहे," ते म्हणाले. मग अदबीने विचारलं, "कोणाचे वडील हे?"

रमाकांतला हसावं की रडावं कळेना. त्याने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. संपतराव गडबडले. "तुझे? बापू? बरं, बरं. असेल. मला वाटलं कोणी मोठे गृहस्थ असतील." मग त्यांचं त्यांनाच वाईट वाटलं असावं. कागद परत देत ते म्हणाले, "तू कशाला त्रास करून घेतोस? तू येत जा. बोलू नको, लिहू नको. नुसता बस माझ्याजवळ. चालेल मला."

रमाकांत घरी परतला तो थेट पलंगावर आडवा झाला. एका परीने सुटल्यासारखं झालं होतं. झालं, प्रयत्न केला, जमत नाही, विषय संपला. पण 'नुसता बस' हे काही त्याला सोडेना. ह्या माणसाजवळ आपण नुसतं बसायचं, आणि बापूंचं आपल्या पोटातच राहायचं. असं बसायला लागलो तर थोड्या दिवसांनी जाणंही बंद होईल, हे त्याला दिसत होतं. मग संपतराव आणि ती खिडकी, बस.

लीला कणीक मळत होती. "काय झालं?" तिने विचारलं. त्याने सगळं सांगितलं. संपतरावांचे कान, मानपत्र, आणि 'कोणाचे वडील'. लीलाला हसू आवरेना, आणि ते थांबल्यावर ती म्हणाली, "तुम्ही बोलता तसं का नाही लिहीत?"

"बोलतो तसं? आणि म्हणजे काय बुवा?"

मोहनरावांचा आवाज त्याने असा हुबेहूब काढला की लीलाचे हात थांबले. इतक्या वर्षांत तिच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. "अहो," ती हळूच म्हणाली, "म्हणून तुम्ही कधी पत्र पाठवलं नाहीत मला?"

"हसलीस ने तू पण."

"हसले. पण मी कशाला हसले माहिती आहे? तुम्ही मला बघायला आला होतात तेव्हा तोंडातून शब्द काढला नव्हता. मी घाबरले होते, इतक्या लांब जायचं आणि नवरा असा मुका. मग ते पत्र आलं. दादा थट्टा करत वाचत होता आणि मला वाटत होतं, अगबाई, हा माणूस बोलतो की. समोर बसून बोलतोय असं वाटलं. मी आनंदाने हसले हो. ह्याच्याबरोबर कंटाळा नाही यायचा, म्हटलं."

"मग हे सांगितलं नाहीस ते?"

"तुम्ही विचारलंत कुठे?" लीलाने पदराने डोळे पुसले, त्यामुळे गालाला पीठ लागलं. "आता उठा. संपतराव समोर बसलेत असं समजा आणि लिहा. दादाला मी नाही दाखवत."

तो टेबलाशी बसला. संपतराव समोर आहेत असं समजून त्याने लिहिलं, 'संपतराव, ऐका.' लिहिल्यावर त्याच्या ध्यानात आलं. ऐकू न येणाऱ्या माणसाला ऐका म्हणतोय. त्याने ते खोडलं. मग दुसरं काही सुचेना, कारण बसमध्ये गोष्ट सुरू व्हायची ती ह्याच दोन शब्दांनी. त्याने पुन्हा लिहिलं, 'संपतराव, ऐका,' आणि ह्या वेळी राहू दिलं.

त्यानंतरही ते सोपं गेलं असं नाही. प्रत्येक ओळीला मागे कुणीतरी भुवया उंचावून उभं आहे असं वाटायचं. 'पछी' असा शब्द आला, त्याने पेन उचललं, 'नंतर' करावं का म्हणून थांबला. बापू काय म्हणाले होते? पछीच म्हणाले होते. मग पछीच. घोडीचं पाणी आलं, बादली आली, थालीपीठं आली. आणि जिथे त्याचा घसा दाटायचा त्या जागेशी तो पोचला तेव्हा त्याला एक नवलच वाटलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण पेन चाललं होतं. तोंडाने जे कधी पुढे सरकलं नसतं ते हाताने सरकत होतं. बापूंचं शेवटचं वाक्य लिहून तो थांबला. पुढे त्याला लिहवेना, आणि पुढे फारसं काही नव्हतंही.

लीलाने वाचायला मागितलं नाही. "आधी संपतरावांना," ती म्हणाली. "मग मला."

दुसऱ्या रविवारी घडियाळी पोळात तो शिरला तेव्हा संपतराव खाली ओट्यावरच ऊन खात बसले होते. वहिनींनी बळेबळेच आणून बसवलं असावं, कारण त्यांचा चेहरा पाहुणा कधी टळतोय अशा माणसाचा होता. समोरच्या ओट्यावर शांताबेन भाजी निवडत होत्या, दोन-तीन बायका पाण्याची भांडी घेऊन गप्पा मारत होत्या. रमाकांतने कागद खिशातून काढले. परत ठेवले. परत काढले. संपतरावांनीच ते त्याच्या हातून घेतले, समजूतदारपणे, म्हणजे हेही छान आहे असं म्हणायचं त्यांनी आधीच ठरवलं होतं.

पहिली ओळ वाचून ते थबकले. त्यांनी रमाकांतकडे पाहिलं, परत कागदाकडे पाहिलं. ओठ हलायला लागले. मग हळूहळू ओठांतून आवाज फुटला. ऐकू येत नसल्यामुळे तो किती मोठा आहे ह्याचा त्यांना पत्ताच नव्हता.

"दादा, केव्हा आलास?" संपतराव गरजले. "घोडीला पाणी पाजलंस का?"

शांताबेनच्या हातातली गवार तशीच राहिली. "शुं थयुं?" त्या म्हणाल्या. भांडीवाल्या बायका वळून बघायला लागल्या. हे फक्त संपतरावांसाठी होतं. हे बापूंचं, घरातलं, खाजगी. रमाकांतने कागद ओढायला हात पुढे केला, पण संपतराव भानावर कुठे होते तेव्हा! ते बापू झाले होते. त्यांची मान एका बाजूला कललेली, बोटं थरथरत होती. त्या दिवशी माडीवर त्यांनी काही ऐकलं नसलं तरी पाहिलं सगळं होतं. रमाकांतने हात मागे घेतला.

पिलाजीकाकांनी मिशीवरून मूठ फिरवली. बादलीभर पाणी प्यालेल्या घोडीवर पोळ हसला, मराठी आणि गुजराती दोन्ही. वरच्या गॅलऱ्यांतून माणसं डोकावायला लागली. थालीपिठांचा भाग आला तेव्हा विमलवहिनी दारातून ओट्यावर आल्या आणि खांबाला टेकून उभ्या राहिल्या. कुणी 'म्हणजे काय' विचारलं नाही. एक-दोन शब्द कुणाला कळले नाहीत तर शेजारचीने कानात सांगितले आणि मंडळी पुढे ऐकू लागली. मग शेवटचं पान आलं. संपतरावांचा आवाज एवढ्या मोठ्यातही मऊ झाला.

"दादा, आपला रमाकांत आहे ने, तो बोलायला लागला की ऐकत बसावंसं वाटतं बघ. संध्याकाळी येतो, बायकोला बसमधलं सांगतो. मी डोळे मिटून पडतो. त्याला वाटतं झोपलो. मी कशाला झोपतो? मी सगळं ऐकतो. पछी तो आत गेला की मग झोप लागते. त्याला मी कधी बोललो नाही हे. आपल्यात असं कोण बोलतं? आता तू सांग त्याला."

रमाकांत ओट्याची कड दोन्ही हातांनी धरून बसला होता. त्या दुपारी त्याने हे ऐकलं होतं ते दुसऱ्याच्या वतीने, मिशीवरून मूठ फिरवत, चेहरा आवरत. आज संपतराव त्याच्याकडे बघून बोलत होते आणि तो रमाकांतच होता, दुसरं कुणी व्हायची त्याला गरज नव्हती. तो भर पोळात, सगळ्यांच्या देखत रडला. शांताबेनने पाण्याचा पेला आणून त्याच्यापाशी ठेवला.

संपतरावांनी पान उलटलं. मागे कोरं होतं. त्यांनी कागद पुन्हा चाळून पाहिले, चष्मा वर केला आणि विचारलं, "पुढे? बापू म्हणाले सांग त्याला. पछी तू काय म्हणालास?"

विमलवहिनी पाटी आणायला वळल्या, पण रमाकांतने संपतरावांच्या खिशातलं पेन घेतलं, कागद गुडघ्यावर ठेवला आणि एवढी माणसं वाकून बघत असताना, अजिबात न थांबता, पुढची ओळ लिहिली. संपतरावांनी ती सगळ्या पोळाला वाचून दाखवली.

"मी म्हणालो, सांगतो हं, बापू."